वृंदा मॅडमचा आनुवंशिकतेचा धडा

वृंदा मॅडम अंबरनाथच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागल्या तेव्हा त्यांचं लग्नही व्हायचं होतं, आणि आता निवृत्ती तोंडावर आली होती. एवढ्या वर्षांत किती पोरं हाताखालून गेली त्याला गणती नाही. त्यातली बहुतेक ओहमचा नियम विसरली असतील, पण नववीतला आनुवंशिकतेचा धडा कुणी विसरलं नव्हतं.

त्या दिवशी मॅडम पुस्तक उघडतच नसत. वर्गात पाऊल टाकताच म्हणत, "जीभ बाहेर काढा."

पोरं फिदीफिदी हसत.

"काढा, काढा. आज परवानगी आहे. आता तिची पुंगळी करून दाखवा."

काहींना जमे, काही नुसतीच तोंडं वेडीवाकडी करत. मग कानाच्या पाळ्या: कुणाच्या सुट्या लोंबणाऱ्या, कुणाच्या थेट गालाला चिकटलेल्या. मग अंगठे, मग गालावरच्या खळ्या. "हे पुस्तकात दिसतं तितकं सरळ नसतं बरं का," मॅडम सांगत, "पण आरशापासून सुरुवात करायला काय हरकत आहे? घरी जा आणि आईबाबांचे कान नीट बघून या."

दुसऱ्या दिवशी बटणं निघत. प्रत्येकाच्या मुठीत एक काळं, एक पांढरं. "गुणाची अशी दोन बटणं प्रत्येकाकडे असतात. एक आईकडून आलेलं, एक बाबांकडून. पुढे देताना मात्र तुम्ही एकच देता, आणि कुठलं ते तुमच्या हातात नसतं. आता शेजाऱ्याकडे वळा, डोळे मिटा आणि एकेक बटण बाकावर ठेवा." काळ्यापुढे पांढरं लपतं, हा नियम. पण एखाद्या बाकावर दोन्ही पांढरी पडत, आणि मॅडम तिथेच थांबत.

"बघा. आईबाप दोघंही वरून काळेच होते. मूल पांढरं झालं. कुणी आणलं हे पांढरं?"

"दोघांनी!" वर्ग ओरडे.

"मग दोष कुणाचा?"

"कुणाचाच नाही!"

ती बटणं राजसीने आणून दिलेली. राजसी उल्हासनगरच्या कॅम्प चारमधून शाळेत यायची, सिंधी निर्वासितांच्या जुन्या वस्तीतून; घर मात्र मराठी. तिच्या वडिलांचा, राजेंद्रांचा, तिथे पँट शिवायचा छोटा कारखाना होता. आधी मॅडम खडूचे तुकडे वापरत. ते पाहून या मुलीने दुसऱ्या दिवशी बटणांची पिशवीच टेबलावर आणून ठेवली. "आमच्याकडे पडूनच असतात, मॅडम." वृंदा मॅडमनी तिची पाठ थोपटली होती आणि स्टाफरूममध्येही कौतुकाने सांगितलं होतं.

ही मुलगी पुढे आपली सून होईल, असं मात्र त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. समीर, त्यांचा एकुलता एक, आनंदनगरच्या एका औषध कंपनीत तपासणी विभागात होता. राजसी त्याच कंपनीत हिशेबाचं काम बघायला लागली. दोघांचं जमलं. मॅडमनी चारचौघांत हसून सांगितलं, "माझ्याच हाताखालची मुलगी आहे, मी काय पारख करणार आणखी!" आतून मात्र त्यांना ते लागलं होतं. बदलापूरचा त्यांचा फ्लॅट, त्यांच्या यजमानांची, हेमचंद्रांची, कारखान्यातली अधिकाऱ्याची नोकरी, घरातली पुस्तकं. आणि सून कुठली, तर कॅम्पातली. "आई, मी काय बोलते" अशी वाक्यं सुरू करणारी. रविवारी माहेरी जाऊन येताना सिंधी दुकानातलं डाळ-पकवान घेऊन येणारी. समीर आणि हेमचंद्र ते मिटक्या मारत खात. वृंदाबाई ताटली जराशी पुढे सरकवत आणि म्हणत, "मला तेलकट सोसत नाही."

लग्नानंतर राजसी त्यांना 'आई' म्हणू लागली होती. सुरुवातीला जीभ अडखळायची, 'मॅडम' निघून जायचं आणि ती हसायची.

मुलगी झाली. अनुया नाव ठेवलं. पहिले काही महिने गुटगुटीत होती, मग हळूहळू उतरायला लागली. दूध नको, खाणं नको, सारखी किरकिर. ओठ पांढरे पडले. राजसी म्हणाली, "आई, ही फिकट दिसते ना?" वृंदाबाई म्हणाल्या, "दात येताना मुलं अशीच होतात. तुमच्याकडे लगेच डॉक्टर गाठतात." डॉक्टरकडे नेलं तेव्हा पोट फुगलं होतं आणि रक्त इतकं कमी झालं होतं की त्यांनी तिथल्या तिथे मोठ्या रुग्णालयात धाडलं.

थॅलेसेमिया. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, समजावून सांगत होत्या. हिच्या शरीरात रक्त नीट तयारच होत नाही. दर काही आठवड्यांनी बाहेरचं रक्त द्यावं लागेल, जन्मभर. साठणारं लोह काढायला औषधं लागतील. समीर आणि राजसीची तपासणी झाली होती. "तुम्ही दोघंही वाहक आहात. तुम्हाला स्वतःला त्रास नाही, पण दोघांनीही तोच बिघडलेला जनुक दिला, म्हणून बाळाला झालं. मी चित्र काढून दाखवते."

चित्राची गरज नव्हती. ते चित्र वृंदाबाईंनी फळ्यावर आयुष्यभर काढलं होतं. राजसीनेही मान वर करून त्यांच्याकडेच पाहिलं, जणू आता मॅडम पुढे होऊन सगळं सोपं करून सांगणार आहेत. पण वृंदाबाईंच्या मनात त्या क्षणी नात नव्हती. लोकांना काय सांगायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

आणि त्यांनी सांगितलंही. बिल्डिंगमधल्या बायकांना, शाळेतल्या मैत्रिणींना, पुण्याच्या नणंदेला. "सुनेकडून आलंय. तपासणीत निघालं." यातला एक शब्दही खोटा नव्हता. फक्त अर्धाच होता. समीरला त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं, "तुझ्या रिपोर्टचं कुठे बोलू नकोस. कंपनीत तर मुळीच नाही. लोक काय ते अर्थ काढतात." समीरने मान हलवली. तो लहानपणापासून असाच होता. आईच्या वर्गात बसला नसला तरी आईचा सगळ्यात आज्ञाधारक विद्यार्थी तोच.

राजसीला कळायला वेळ लागला. लिफ्टमध्ये कुणीतरी अनुयाच्या गालाला हात लावून म्हणालं, "बिचारी. आईचं रक्त असं, त्याला ही काय करणार!"  राजसीला वाटलं, लोकांना कळत नाही. आई कधीतरी समजावतील.

मग एका रविवारी राजसीची आई, विनिताताई, नातीला बघायला आल्या. हेमचंद्र भाजी आणायला गेले होते, समीर हॉलच्या कोपऱ्यात मोबाइल बघत होता, राजसी आत अनुयाला भरवत होती. वृंदाबाईंनी चहा दिला आणि खुर्ची जवळ ओढली.

"विनिताताई, एक विचारते. राग मानू नका. मी विज्ञानाची बाई, म्हणून विचारतेय."

"विचारा ना, मॅडम." विनिताताई अजून त्यांना मॅडमच म्हणत.

"हा आजार सिंधी लोकांत जास्त सापडतो. तुमचं सगळं आयुष्य कॅम्पात गेलं. तुमच्या आईचंही. तर मागे कधी घराण्यात... म्हणजे कुणाचं कुणाशी काही..."

"काही म्हणजे?"

"रक्त बाहेरून आलं असेल का, असं विचारतेय."

विनिताताईंना समजायला क्षणभर लागला. मग त्यांनी कप खाली ठेवला, बशीचा आवाजही होऊ न देता.

"माझी आई सिंधी घरांत पापड लाटायला जायची, मॅडम. पाठ मोडेपर्यंत लाटायची. माझ्या लग्नात मला शालू त्याच घरातल्या बायकांनी नेसवला, कारण आमच्याकडे धड नेसवणारं कुणी नव्हतं. आईला जाऊन बारा-पंधरा वर्षं झाली. आणि तुम्ही तिच्यावर हे..."  त्या उठल्या, चपला घातल्या आणि नातीला न भेटताच जिना उतरून गेल्या.

हा आजार कुठल्याही जातीत, कुठल्याही घरात निघू शकतो, हे वृंदाबाईंना ठाऊक होतं. वर्गात एखाद्या पोराने असलं काही विचारलं असतं तर त्यांनी त्याला उभं करून समजावलं असतं.

राजसी दारात उभी होती. हातात वाटी-चमचा तसाच.

"आई, समीरमध्ये कुठून आलं मग? त्याची आजी पण कॅम्पात पापड लाटायची का?"

"आवाज खाली कर. शेजारी ऐकतील."

"शेजाऱ्यांनी माझं ऐकलंय. त्याचं तुम्ही त्यांना सांगितलंच नाहीत." ती समीरकडे वळली. "तू बोल ना. तुझं पण आहे म्हणून सांग. एकदा तरी सांग."

समीरने मोबाइल उलटा ठेवला. "आता उगाच वाढवू नको ना, राजसी."

तिने हातातली वाटी टेबलावर ठेवली. मग वृंदाबाईंना म्हणाली, "दोन बटणं लागतात, मॅडम. एकाने होत नाही. तुम्हीच शिकवलंत."

"शाळेतलं शाळेत," वृंदाबाई म्हणाल्या. "माझ्या घरात मला शिकवू नकोस."

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित काही सावरलंही असतं. पण संध्याकाळी गॅलरीत त्यांनी समीरला जवळ बसवलं. हळू आवाजात, एखाद्या कच्च्या मुलाला शिकवणीत समजवावं तशा बोलत होत्या. "डॉक्टर म्हणतात, पुढच्या वेळी गर्भाची तपासणी करता येते. पण तिच्याबरोबर प्रत्येक वेळी तीच टांगती तलवार. दुसरी कुणी असेल, जिच्यात हे नाही, तर असं मूल होणारच नाही. तू अजून तरुण आहेस. विचार कर."

"आणि अनुया?" समीरने विचारलं.

"तिचं काय व्हायचं ते होईल. किती वर्षं काढणार अशी मुलं?"

अनुयाचं स्वेटर गॅलरीत वाळत होतं. ते घ्यायला राजसी आली होती. तिने दोरीवरून स्वेटर काढलं, चिमटे डब्यात टाकले आणि आत गेली. रडली नाही, भांडली नाही. सकाळी तिचे वडील रिक्षा घेऊन आले. राजेंद्र वर आलेच नाहीत, खालीच उभे राहिले. हेमचंद्र नातीला घेऊन खाली गेले, तिला रिक्षात ठेवलं, आणि रिक्षा वळून दिसेनाशी झाली तरी फाटकाशी उभे होते. समीर आंघोळीला गेला होता. तो बराच वेळ आंघोळ करत राहिला.

समीरमधला जनुक कुठून आला, याचंही उत्तर वृंदाबाईंनी ठरवून ठेवलं होतं. हेमचंद्रांची एक मावशी पांढरीफटक असायची, बाळंतपणात गेली. "तुमच्याकडचंच ते," त्या अधूनमधून म्हणत. हेमचंद्र ऐकून घेत. कारखान्यात रसायनांची तपासणी करण्यात हयात गेलेला माणूस, फारसं बोलत नसे.

एका रात्री जेवताना ते म्हणाले, "मी तपासणी करून आलो."

"कसली?"

"थॅलेसेमियाची. तू सारखं मावशीचं नाव घेत होतीस. म्हटलं, त्या बिचारीला मेल्यावर कशाला त्रास? माझ्यात काही नाही निघालं."

वृंदाबाईंचा हात आमटीच्या पातेल्यावर थांबला.

"एक आईकडून, एक बाबांकडून," हेमचंद्र म्हणाले. "बाबांकडून नाही आलं. तू नववीला शिकवतेस, मी काय सांगणार? आणि तुझ्या त्या लोहाच्या गोळ्या. किती वर्षं घेतेस? कधी चढलं तुझं रक्त?"

कधीच चढलं नव्हतं. समीरच्या वेळी डॉक्टर चिडले होते, गोळ्या नीट घेत नाही म्हणून. पुढे सगळ्यांनी तेच सांगितलं, पालेभाज्या खा, खजूर खा. त्यांच्या आईचंही तसंच होतं. चार पायऱ्या चढली की दम लागायचा. मॅडमना आता तपासणीची गरज नव्हती. गणित फळ्यावर सुटलेलं होतं.

"कुणाला सांगू नका," त्या म्हणाल्या.

हेमचंद्रांनी ताटातला भात कालवला, पण खाल्ला नाही. "मी नाही सांगत. तू सांग. बिल्डिंगला नको सांगूस, पुण्याला नको सांगूस. त्या विनिताबाईंना सांग. एवढंच कर."

त्यांनी ते केलं नाही. उद्या करू, परवा करू, असंही नाही. करायचं नाही असंच ठरवलं, आणि ठरवल्यावर त्यांना जरा बरंही वाटलं. हेमचंद्र त्यानंतर आपलं ताट घेऊन टीव्हीसमोर बसू लागले. समीर आणि राजसीने कोर्टात घटस्फोटाच्या कागदांवर एकमताने सह्या केल्या. समीर गुजरातेत बदली मागून गेला. मॅडमनी लोकांना सांगितलं, चांगली बढती मिळाली.

निवृत्तीच्या वर्षीही नववीचा धडा त्यांच्याच वाट्याला आला. या वेळी जिभा बाहेर निघाल्या नाहीत, कान बघून यायला सांगितलं नाही, बटणांची पिशवी कपाटातच राहिली. मॅडमनी पुस्तक उघडलं आणि सरळ व्याख्या लिहून द्यायला सुरुवात केली. वर्णकहीनतेपाशी आल्या तेव्हा मागच्या बाकावरून तेजस्वीचा हात वर झाला. सोनिवली गावातली मुलगी. वर्षभरात तिने एकदाही हात वर केला नव्हता.

"मॅडम, माज्या लहान भावाचं असंच हाय. केस पांढरे, भुवया पण पांढऱ्या. उन्हात डोळे उघडत नाय. गावात सगली माज्या आयला बोलतान. म्हणतान, तिनेच काय तरी केलं." ती एकदम थांबली, वर्ग तिच्याकडे वळला होता. तरी तिने पुढे विचारलंच. "यात लिवलंय, दोघांकडून येतं. मग माज्या आयचा दोष नाय ना, मॅडम?"

 एक शब्द पुरला असता. 'नाही' एवढाच. तो शब्द वृंदा मॅडमनी दरवर्षी वर्गाकडून ओरडून घेतला होता. पण त्या मुलीच्या चेहऱ्यावर राजसीसारखाच भाव होता, मॅडम आता सगळं सोपं करणार आहेत असा. 

"लोक उगाच बोलत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "खाली बस. घरच्या भानगडी वर्गात आणायच्या नाहीत."

कुणीतरी मागे फिसकन हसलं. मग अजून कुणीतरी. तेजस्वी खाली बसली. मॅडम फळ्याकडे वळल्या आणि अक्षर न बिघडवता पुढची व्याख्या लिहू लागल्या. तास संपेपर्यंत त्या मागच्या बाकाकडे वळल्या नाहीत. नंतर तेजस्वीने शाळा बुडवायला सुरुवात केली. वर्गशिक्षिकेने स्टाफरूममध्ये कारण विचारलं, तेव्हा वृंदा मॅडम म्हणाल्या, "गावातल्या मुली. लग्नबिग्न ठरलं असेल."

निवृत्तीच्या समारंभात हार-तुरे झाले, भाषणं झाली. एका माजी विद्यार्थ्याने बटणांची गोष्ट सांगितली आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

हेमचंद्र इतकी वर्षं न चुकता एक काम करत होते. अनुयाला रक्त चढवायचं असे तेव्हा उल्हासनगरच्या केंद्रात जाऊन बसत. तिला गोष्टी सांगत, चित्रं काढून देत. परत आले की त्याबद्दल घरात अवाक्षर काढत नसत. एकदा बाथरूममध्ये त्यांचा पाय मुरगळला आणि प्लॅस्टर घालावं लागलं. अनुयासाठी घेतलेला रंगांचा डबा टेबलावर पडून होता.

"मी जाऊन देऊ?" वृंदाबाईंनी विचारलं. हा प्रश्न आपल्या तोंडून निघाला याचं त्यांनाच आश्चर्य वाटलं.

हेमचंद्रांनी डबा त्यांच्याकडे सरकवला. "जा," ते म्हणाले. "बघून तरी ये."

केंद्र एका ट्रस्टचं होतं. लांबलचक हॉल, ओळीने खाटा, टीव्हीवर कार्टून. प्रत्येक खाटेवर एक मूल आणि वर लटकलेली लाल पिशवी. मुलं चित्रं रंगवत होती, वेफर्स खात होती, एकमेकांना खाटेवरून चिडवत होती. अनुया कडेच्या खाटेवर होती. वृंदाबाईंनी तिला तिच्या कानांवरून ओळखलं. पाळ्या गालाला चिकटलेल्या, त्यांच्या स्वतःसारख्या. चेहरा जरा रुंदावलेला, वयाच्या मानाने अंग लहान. डोळे मिटलेले. राजसी जवळ दिसत नव्हती.

त्या शेजारच्या खाटेजवळच्या स्टुलावर टेकल्या. तिथे एक म्हातारी सिंधी बाई नातवाला कोकी, जाडसर सिंधी पोळी, मोडून भरवत होती. तिने एक तुकडा यांच्यापुढेही धरला.

"खाओ, दीदी. घर की है. पहली बार आई हो?" आणि उत्तराची वाट न बघता आपलंच सांगू लागली. "ये मेरा पोता है. मेरे बेटे को मुझसे मिला, बहू को उसकी माँ से. हम दोनों समधनें बारी-बारी से इसको लेके आती हैं. अभी क्या करें, दिया है तो साथ भी तो देंगे." ती स्वतःशीच हसली. "आप किसकी दादी हो? नानी हो?"

"नहीं, नहीं," वृंदाबाई घाईघाईने म्हणाल्या. "ऐसे ही. जान-पहचान के हैं."

बोलून झाल्यावर त्यांना मागे कुणीतरी उभं असल्याचं जाणवलं. राजसी होती, हातात भरून आणलेली पाण्याची बाटली. तिच्या चेहऱ्यावर ना राग, ना आश्चर्य. तिने पुढे होऊन पिशवीतून थेंब नीट पडताहेत ना ते बघितलं, अनुयाच्या दंडावरची चिकटपट्टी सारखी केली. त्या हालचालीने अनुया जागी झाली.

"मम्मी, या कोण?"

राजसीने बाटलीचं झाकण उघडून तिच्या तोंडाला लावलं. तिला दोन घोट पिऊ दिले.

"ओळखीच्या आहेत," ती म्हणाली.

अनुयाने सुई नसलेला हात उचलून नमस्ते केलं, कुणाही परक्या बाईला करावं तसं. वृंदाबाईंनी रंगांचा डबा पुढे केला. 

"आजोबांनी दिला ना?" डबा बघताच मुलीचा चेहरा उजळला. "ते का नाही आले? पुढच्या वेळी येणार ना?"

"पाय बरा झाला की येतील," वृंदाबाई म्हणाल्या. त्यांना अजूनही काहीतरी बोलायचं होतं. तोंड उघडलंही. पण राजसीने डब्याचं झाकण काढून मुलीपुढे ठेवलं होतं, आणि दोघी मिळून सगळ्यात आधी कुठला रंग घ्यायचा ते ठरवत होत्या.

परिचारिका एका मुलाला घेऊन आली. समोरची रिकामी खाट त्याच्यासाठी होती, आणि त्याच्या आईला बसायला स्टूल हवं होतं.

"आँटी, आप किसके साथ हो?" तिने विचारलं.

वृंदाबाई उठल्या आणि त्यांनी स्टूल मोकळं करून दिलं.